अडत कमी झालीच नाही, फक्त वाटेकरी बदलले

टोकन (क्रिप्टो नाणी) काढून देणाऱ्या पंप डॉट फनसारख्या संकेतस्थळांबद्दल, म्हणजे लाँचपॅडबद्दल, आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. या धंद्यातले दर सतत बदलतात. त्यामुळे शुल्काची टक्केवारी जिथे महत्त्वाची आहे, तिथे ती कधीची हेही लिहिलं आहे. व्यवहाराआधी स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचावा.

प्रश्न : पंप डॉट फनवर टोकन काढायला पैसे लागत नाहीत म्हणतात. मग ते कमावतात कशावर?
– एक वाचक, पिंपरी

उलाढालीवर. नाव, चित्र आणि चार-पाच अक्षरांचं चिन्ह टाकलं की टोकन तयार होतं. जानेवारी २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेन साखळीवर हे सुरू झालं तेव्हा टोकन काढायला सुमारे ०.०२ सोल (सोलानाचं चलन) लागायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेही माफ झाले आणि तो खर्च पहिल्या खरेदीदाराच्या माथी गेला. प्रत्येक खरेदीवर आणि प्रत्येक विक्रीवर कापला जाणारा टक्का मात्र, मे २०२४ मधले सात दिवस सोडले, तर पहिल्या दिवसापासून चालू आहे.

हे दुकान कसं चालतं ते आकड्यांतून पाहू. प्रत्येक टोकनचे नग १०० कोटी. त्यांतले ७९.३१ कोटी ‘कर्व्ह’वर (विक्रीबरोबर भाव चढवत नेणाऱ्या सूत्रावर) विकायला असतात आणि २०.६९ कोटी राखून ठेवतात. भाव कोणी माणूस ठरवत नाही. गल्ल्यात ३० सोल आणि १०७.३ कोटी टोकन आहेत असं सूत्र धरून चालतं (दोन्ही आकडे काल्पनिक, फक्त हिशेबापुरते) आणि या दोहोंचा गुणाकार कायम ठेवतं. पहिल्या गिऱ्हाइकाने १ सोल दिला की गल्ला ३१ होतो आणि त्याला ३.४६ कोटी टोकन मिळतात. त्या एका सोलने भाव ६.८ टक्के वर जातो. खरे ८५ सोल जमले की कर्व्ह संपते. त्यांतल्या शेवटच्या सोलला मिळतात फक्त साडेचोवीस लाख टोकन. सगळ्या नगांचं मिळून मूल्य या प्रवासात २८ सोलवरून ४११ सोलवर जातं, म्हणजे साधारण पावणेपंधरा पट.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ही कर्व्ह दोन्ही दिशांनी सारखीच चालते. तुम्ही १ सोल घातला, मध्ये कोणीच व्यवहार केला नाही आणि तुम्ही विकून बाहेर पडलात, तर कर्व्ह तुमचा सोल जसाच्या तसा परत देते. तुटतं ते फक्त शुल्क. म्हणजे कर्व्हवर एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांकडून टक्का घेणारा तिसरा.

प्रश्न : रेडियम आणि पंप डॉट फन यांचं भांडण नेमकं कशावरून झालं? आणि त्यातून आम्हा घेणाऱ्यांना काय मिळालं?
– एक वाचक, ठाणे

आधी भांडण. कर्व्ह भरली की टोकन ‘ग्रॅज्युएट’ होतं, म्हणजे त्याचे पैसे आणि राखीव नग खुल्या बाजारातल्या पूलमध्ये जातात (पूल म्हणजे सोल आणि टोकनचा सामायिक साठा, पुढची खरेदी-विक्री त्यातूनच होते). मार्च २०२५ पर्यंत हा पूल रेडियम या सोलानावरच्या बाजारात उघडायचा. जमलेल्या ८५ सोलांतून पंप डॉट फन ६ सोल स्थलांतराचे म्हणून कापून घ्यायचं आणि ७९ सोल व २०.६९ कोटी टोकन रेडियमच्या हवाली करायचं. पुढच्या प्रत्येक व्यवहारावर रेडियमचं शुल्क ०.२५ टक्के होतं. त्यातले ०.२२ पूलमध्ये आणि ०.०३ रेडियमच्या स्वतःच्या टोकनच्या पुनर्खरेदीसाठी.

हे ६ सोल कसे टोचायचे ते पाहा. ८५ सोलांना २०.६९ कोटींनी भागलं की बरोबर कर्व्हचा शेवटचा भाव येतो. राखीव नगांचा आकडा तेवढाच ठेवण्याचं कारण हेच. पण पूलमध्ये ८५ ऐवजी ७९ सोल गेले की उघडतानाच भाव सात टक्के खाली. ज्याने कर्व्हचा शेवटचा सोल घातला त्याने ती फी एका अर्थी एकट्याने भरली!

आपण वाढवलेली टोकनं दुसऱ्याच्या बाजारात पाठवायची आणि त्यांच्या जन्मभराच्या उलाढालीवर पाणी सोडायचं, हे किती दिवस चालणार? २० मार्च २०२५ रोजी पंप डॉट फनने स्वतःचा बाजार उघडला, पंपस्वॅप. स्थलांतराचे ६ सोल रद्द झाले आणि टोकन लगेच पूलमध्ये जाऊ लागलं. महिना उलटायच्या आत, १६ एप्रिलला, रेडियमने स्वतःचा लाँचपॅड आणला, लाँचलॅब. त्याच यंत्रणेवर बॉन्क टोकनच्या मंडळींनी एप्रिलअखेरीस लेट्सबॉन्क उघडलं. आपल्या शुल्काचा मोठा हिस्सा ते बॉन्क विकत घेऊन जाळायला, म्हणजे कायमचे बाद करायला, वापरणार होते. जुलै २०२५ मध्ये काही आठवडे लेट्सबॉन्क नव्या टोकनांच्या संख्येत पंप डॉट फनच्या पुढे होतं. ऑगस्टमध्ये पारडं पुन्हा फिरलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. घेणाऱ्याला काय मिळालं? जवळपास काही नाही. स्पर्धा झाली ती टोकन काढणाऱ्याला ओढण्याची, कारण तो आला की गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग येतं. बाजार समितीत अडत्यांची चुरस लागली की माल आणणाऱ्याला उचल मिळते, विकत घेणाऱ्याच्या पावतीत फरक पडत नाही, तसंच हे. कर्व्हवर आधी १ टक्का जायचा. सप्टेंबर २०२५ च्या रचनेत १.२५ टक्के जातात, प्लॅटफॉर्मला ०.९५ आणि निर्मात्याला ०.३०. पंपस्वॅपवर सुरुवातीला ०.२५ टक्के होते (पूलला ०.२०, प्लॅटफॉर्मला ०.०५). मे महिन्यात निर्मात्याचे ०.०५ वाढून ०.३० झाले. सप्टेंबरपासून तिथे दर मूल्यानुसार उतरता झाला. नुकत्याच ग्रॅज्युएट झालेल्या टोकनवर १.२० टक्के, ज्यातले तब्बल ०.९५ निर्मात्याचे. टोकन जसजसं मोठं होईल तसा दर घटत अगदी वरच्या टप्प्यात ०.३० वर येतो. म्हणजे ताज्या टोकनच्या पूलमध्ये घेणाऱ्याचा खर्च मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांत जवळपास पाचपट झाला, आणि याच काळाला ‘शुल्कयुद्ध’ म्हणत होते.

शुल्क खरोखर शून्यावर आलं ते एकदाच, आणि तेही वेगळ्याच कारणाने. मे २०२४ मध्ये पंप डॉट फनच्या एका माजी कर्मचाऱ्याने स्वतःकडे राहिलेल्या अधिकारांचा गैरवापर करून सुमारे १९ लाख डॉलरचे सोल वळवले. त्यानंतर लोकांना परत आणण्यासाठी सात दिवस शुल्क माफ केलं होतं.

प्रश्न : मी एका टेलिग्राम बॉटवरून ०.०५ सोलचं टोकन घेतलं. भाव हललाही नाही, लगेच विकलं, तरी दहा टक्क्यांहून जास्त गेले. बॉटने फसवलं का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुधा नाही. रक्कम लहान होती म्हणून गेले. तुमच्या ०.०५ सोलचा हिशेब मांडतो:

लाँचपॅडचे १.२५ टक्के, जाता-येता मिळून ०.००१२५ सोल. बॉटचा (तुमच्या वतीने खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामचा) बहुतेक ठिकाणी १ टक्का असतो, तो दोन्ही वेळचा ०.००१. प्राधान्य शुल्क, म्हणजे व्यवहार रांगेत पुढे जावा म्हणून दिलेली जादा रक्कम, बॉटमध्ये अनेकदा आधीच ०.००१ लावून ठेवलेलं असतं, दोन वेळचं ०.००२. साखळीचं मूळ शुल्क व्यवहाराच्या एका डिजिटल सहीला ०.०००००५, ते सोडून द्या. आणि नवं टोकन वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) आलं की त्याचं खातं उघडायला सुमारे ०.००२ सोल अनामत अडकते. सगळं मिळून ०.००६३ सोल, म्हणजे साडेबारा टक्के.

हाच व्यवहार १ सोलचा केला असता तर अनामतीसकट पाच टक्क्यांच्या आत बसला असता. याचा अर्थ मोठी रक्कम लावा असा नाही. अर्थ असा की या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग ठरावीक आहे, टक्क्यातला नाही. म्हणून प्राधान्य शुल्क बॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने कमी करा. गर्दी नसलेल्या टोकनला त्याच्या दहाव्या हिश्शातही काम होतं. व्यवहार फसला तरी मूळ आणि प्राधान्य शुल्क कापलं जातंच, हेही ध्यानात असू द्या. पाच वेळा फसलेला व्यवहार म्हणजे पाच वेळा भरलेली फी.

स्लिपेजबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण खरी गळती बऱ्याचदा तिथे असते. स्लिपेज म्हणजे ‘ठरल्यापेक्षा इतका वाईट भाव आला तरी चालेल’ अशी तुम्ही दिलेली परवानगी. ते शुल्क नाही, पण २० टक्के लावलंत तर तुमच्या आधी घेऊन तुमच्यानंतर लगेच विकणाऱ्या यंत्रांना तेवढं रान मोकळं मिळतं. कर्व्हवरच्या शांत टोकनला ३ ते ५ टक्के पुष्कळ होतात. तेवढ्यात व्यवहार होत नसेल तर समजावं की तिथे आत्ता झुंबड आहे, आणि झुंबडीत यंत्रं तुमच्यापुढेच असणार.

प्रश्न : निर्मात्याला शुल्कातला वाटा मिळतो, मग टोकन काढून घरबसल्या कमाई होईल का? माझा भाऊ त्याच्या मागे लागला आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

भावाला हा हिशेब दाखवा. कर्व्हवर निर्मात्याचा वाटा ०.३० टक्के. समजा कर्व्ह भरेपर्यंत खरेदी-विक्री मिळून ३०० सोलची उलाढाल झाली, तर हाती ०.९ सोल. ऐकायला बरं वाटतं. पण कर्व्ह पूर्ण होणारी टोकनं शंभरात जेमतेम एखादं. बाकीच्यांची उलाढाल काही सोलांवर थांबते आणि निर्मात्याच्या वाट्याला येतं ते पुढच्या व्यवहाराच्या प्राधान्य शुल्कालाही अपुरं.

मग काही जण काय करतात? स्वतःच दहा वॉलेट उघडून आपसात विकत राहतात. कर्व्हवर हे महाग पडतं. १.२५ द्यायचे आणि ०.३० परत घ्यायचे, म्हणजे दर व्यवहाराला ०.९५ टक्के खड्ड्यात. पण ग्रॅज्युएट झाल्यावर गणित उलटतं. १.२० दिले, ०.९५ निर्माता म्हणून परत आले, ०.२० पूलमध्येच राहिले, ०.०५ प्लॅटफॉर्मला गेले. लटकी उलाढाल दाखवायचा खर्च दर व्यवहाराला फक्त पाव टक्का! निर्मात्याला जास्त वाटा देण्याच्या चुरशीचा हा आडपरिणाम घेणाऱ्यांनी ओळखून असावा. नव्याने ग्रॅज्युएट झालेल्या टोकनची ‘२४ तासांतली उलाढाल’ हा आकडा त्यामुळे मला तरी सगळ्यात कमी विश्वासाचा वाटतो. त्याऐवजी किती वेगळ्या वॉलेटांनी घेतलं आणि त्यांतली किती जुनी आहेत ते पाहावं.

भावाने तरीही टोकन काढायचंच म्हटलं, तर कोणा कलाकाराचं, नेत्याचं किंवा देवस्थानाचं नाव-चित्र वापरू नये. ‘गंमत होती’ हा बचाव पैसे बुडालेल्या माणसापुढे टिकत नाही.

प्रश्न : पंप टोकन घेतलं की कंपनीच्या शुल्कात भागीदारी मिळते का?
– एक वाचक, सोलापूर

नाही. पंप हे पंप डॉट फनचं स्वतःचं टोकन. १२ जुलै २०२५ ला ते ०.००४ डॉलरने विकलं गेलं आणि सार्वजनिक हिस्सा बारा मिनिटांत संपला, पण तो समभाग नव्हे. कंपनी उत्पन्नातून टोकनची पुनर्खरेदी करते, तो तिचा निर्णय आहे, तुमचा हक्क नाही.

प्रश्न : बीएनबी किंवा बेस साखळीवर शुल्क कमी असतं का?
– एक वाचक, मडगाव

बीएनबीवर फोर डॉट मीम, ट्रॉनवर सनपंप, बेसवर क्लँकर अशी दुकानं आहेत. टक्का सगळीकडे एकच्या आसपास घुटमळतो. फरक आहे तो रचनेत. क्लँकरला कर्व्ह आणि ग्रॅज्युएशन हा प्रकारच नाही, टोकन थेट युनिस्वॅप या खुल्या बाजाराच्या पूलमध्ये उघडतं आणि पूलच्या शुल्काचा हिस्सा काढणाऱ्याला मिळतो. शुल्क पाहून साखळी निवडण्यात अर्थ नाही. एका साखळीवरून दुसऱ्या साखळीवर पैसे नेण्यातच वाचवलेला टक्का जातो.

प्रश्न : लिक्विडिटी जाळलेली आहे आणि नवे नग छापायचा अधिकारही सोडलेला आहे असं दिसतं. मग टोकन सुरक्षित ना?
– एक वाचक, नाशिक

लिक्विडिटी म्हणजे पूलमधला साठा, तो जाळला म्हणजे काढून घेण्याचा हक्क कायमचा नष्ट केला. या दोन गोष्टींनी दोनच वाटा बंद होतात. निर्माता पूलमधले पैसे उपसून नेऊ शकत नाही आणि आणखी नग छापू शकत नाही. पंप डॉट फनवर हे आपोआपच होतं, त्यामुळे ती त्या टोकनची खासियत नव्हे. (जाळलेल्या लिक्विडिटीवर साठणारं पूलचं शुल्कही कोणाला काढता येत नाही, ते आतच मुरत राहतं.)

तिसरी वाट उघडीच असते, ती म्हणजे विकणं. कर्व्हवर पहिल्या ३ सोलांत ९.७५ कोटी नग मिळतात, म्हणजे एकूण नगांच्या जवळपास दहा टक्के. निर्माता टोकन काढतो त्याच क्षणी, एकत्र नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या त्याच गठ्ठ्यात, पाच-सहा वॉलेटांतून हे घेऊन ठेवतो. वरवर पाहता प्रत्येकाकडे दोन-दोन टक्केच दिसतात. पुढे पूलमध्ये ८५ सोल असताना हे सगळे नग एकदम विकले तर पूलमधून २७ सोल निघतात आणि भाव निम्म्याच्याही खाली येतो. ३ सोलचे २७ सोल, आणि एकही नियम मोडलेला नाही.

तपासायचं असं : सोलानावरचे व्यवहार दाखवणाऱ्या सोलस्कॅन या संकेतस्थळावर टोकनचा पत्ता टाका आणि धारकांची यादी उघडा. सर्वांत वर पूलचं खातं असेल, ते वगळा. त्याखालचे दहा पत्ते एकेक करून उघडा आणि दोन गोष्टी बघा. त्यात पहिला सोल कुठून आला, आणि पहिली खरेदी कोणत्या सेकंदाला झाली. चार-पाच पत्त्यांना एकाच ठिकाणाहून, एकाच तासात, सारख्याच रकमा आल्या असतील तर तो एकच माणूस आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे. पत्ता मात्र नावावरून शोधू नका, एकाच नावाची डझनभर टोकनं असतात. लाँचपॅडच्या पानावरून कॉपी करा. आणि एक्सवरच्या घोषणेतूनही घेऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द पंप डॉट फनचं एक्स खातं हॅक होऊन त्यावरून बनावट टोकनची जाहिरात झाली होती.

प्रश्न : वर्षभरात काही टोकनांत ४०,००० रुपये नफा झाला, काहींत ५५,००० तोटा. एकूण तोटाच आहे, तर कर लागणार नाही ना?
– एक वाचक, पुणे

लागणार. आयकराच्या ११५ बीबीएच कलमाने १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. ४०,००० वर १२,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर ४८०. एकूण १२,४८०. खिशातून १५,००० गेलेले असताना वर हे.

शुल्काबाबतही कायदा कडक आहे. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. विकताना कापलेला टक्का, बॉटचा टक्का, प्राधान्य शुल्क, सगळं तुमच्या पदरचं.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून निसटते. सोल देऊन टोकन घेतलं की तो सोलचाही विक्री-व्यवहार झाला. सोल १२,००० ला घेतला होता आणि टोकन घेताना त्याचा भाव १४,००० होता, तर त्या क्षणी २,००० नफा झाला, मग ते टोकन दुसऱ्या दिवशी शून्यावर का जाईना. भारतीय एक्सचेंजवर विकताना १ टक्का टीडीएस ते कापतात आणि तो विवरणपत्रात जमा धरता येतो. लाँचपॅडवर कापणारं कोणी नसतं, म्हणून जबाबदारी संपत नाही. दर व्यवहाराची तारीख, सोलची संख्या, त्या वेळचा रुपयातला भाव आणि व्यवहाराची सही (साखळीवरची त्याची ओळखखूण) एका तक्त्यात लिहून ठेवा. मार्चअखेरीला साखळीवरून हे सगळं गोळा करायला बसाल तर सीएची फी नफ्यापेक्षा जास्त होईल.

प्रश्न : वॉलेटमध्ये मेलेली साठेक टोकनं पडून आहेत. ठेवली तर काही नुकसान?
– एक वाचक, नागपूर

नुकसान नाही, पण अनामत अडकली आहे. साठ खात्यांचे प्रत्येकी ०.००२ धरले तर ०.१२ सोल होतात. टोकन उघडून ‘बर्न’ हा पर्याय निवडा, सही करा, खातं बंद झालं की अनामत वॉलेटमध्ये परत येते. हे वॉलेटच्या आतूनच करा. ‘अडकलेले सोल सोडवून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांतली काही कमिशन कापतात, तर काही एका सहीत अख्खं वॉलेट रिकामं करतात. न मागता आलेल्या टोकनच्या वर्णनात दुवा दिला असेल तर त्यावर जाऊ नका, ते टोकनही सरळ जाळा. आणि जाळलेल्यांची खरेदी किंमत तोटा म्हणून दाखवायचा विचार असेल, तर वर पुण्याच्या वाचकांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.